श्री. इनपुट शाफ्ट व परिवार

आमच्या कंपनीत दर गुरुवारी लावणीची सूचना लागायची. सर्व्हर रूमच्या दारावर, वहीतून फाडलेल्या रेघी कागदावर, निळ्या स्केचपेनानं लिहिलेलं असायचं: 'आज दुपारी दोन ते चार लावणी. परवानगीशिवाय आत येऊ नये.' मी कंपनीत लागले त्याच आठवड्यात एचआरमध्ये एक नवीन बाई रुजू झाल्या होत्या. त्यांनी ती सूचना दोनदा वाचली आणि बरोबर दोनला सिक्युरिटीची दोन माणसं घेऊन खाली आल्या. मी आत माझी ओळख करून द्यायला गेलेले, त्यामुळे पुढचं सगळं मी डोळ्यांनी पाहिलं. स्टुलावर पन्नाशी उलटलेले एक गृहस्थ बसले होते. अंगात स्वेटर, कानाला मफलर, पायात नुसते मोजे. समोरच्या काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं पळत होती. बाईंनी विचारलं, इथं काय चाललंय. गृहस्थांनी मान न वळवता सांगितलं, "लावणी. बसा ना. पण चपला भाईर काढा."

ते आबा. आबा म्हणजे वयानं तसे फार नव्हते, पण वॉचमनपासून प्लँट हेडपर्यंत सगळे त्यांना आबाच म्हणत. गाव चाकणच्या पश्चिमेला, भामा नदीच्या खोऱ्यात. तिकडं भात. भाताची रोपं एका ओळीत, सारख्या अंतरावर, सारख्या खोलीवर लावतात, तसंच आपणही सगळ्या मशिनांवर एकसारखं सगळं लावतो, मग दुसरा शब्द कशाला, असं त्यांचं म्हणणं. मॅन्युअलमध्ये 'कॉन्फिगरेशन' आलं की ते लावणी असंच वाचायचे. एचआरच्या बाईंना त्यांनी हे शांतपणे वीस मिनिटं समजावलं. बाई थंडीनं कुडकुडत बाहेर आल्या. सूचना मात्र तशीच राहिली.

आमची कंपनी गिअरबॉक्सचे भाग बनवायची. चाकणला मोठा प्लँट, भोसरीत आणि तळेगावात दोन लहान. तिन्हीकडं मिळून त्रेचाळीस सर्व्हर. कुठला मशीन शॉपचा हिशेब ठेवायचा, कुठला हजेरी, कुठला माल पाठवताना खोक्यावर लागणारी लेबलं छापायचा. या त्रेचाळिसांना सारखं काही ना काही लागतं. नवीन माणूस आला, त्याचं नाव चढवा. कुणी सोडून गेलं, उतरवा. घड्याळ लावा, पासवर्डचे नियम बदला, नवीन दुरुस्ती आली ती टाका. मी आधी ज्या कंपनीत होते तिथं आम्ही चार जणं एकेका मशीनवर बसून हे करायचो, आणि चौथ्या मशीनला पोचेपर्यंत पहिल्यावर काय केलं ते विसरलेलो असायचो.

आबांनी एका फाइलीत सगळ्या मशिनांची नावं लिहून ठेवली होती. फाइलीचं नाव भावकी. दुसऱ्या फाइलीत मशीन कसं असलं पाहिजे ते लिहिलेलं. मग एकच आज्ञा द्यायची. संगणक आपणहून भावकीत घरोघर जायचा, बघायचा, बिघडलेलं असेल ते नीट करायचा आणि नीट असेल त्याला हात लावायचा नाही. आबा तोवर शेंगदाणे खायचे. पहिल्याच दिवशी मला त्यांनी नोकरीचा नियम सांगितला. "एकदा केलं त्ये काम. तेच दुसऱ्यांदा केलं की ती सजा. आन् सजा भोगायला आपण काय गुन्हा केलाय?"

कंपनीनं मशिनांना नंबर दिलेले. आबांनी भावकीत प्रत्येकापुढं आपलं नावही लिहिलं होतं. भोसरीचं एक जुनं मशीन होतं मामलेदार, कारण ते फाइल घ्यायचं आणि दुपारपर्यंत उत्तरच द्यायचं नाही. हजेरीचं मशीन म्हणजे सासूबाई. तळेगावात एक होतं जे आपोआप बंद पडून आपोआप चालू व्हायचं, त्याला जावईबापू म्हणत, कारण ते का रुसलं ते विचारायची सोय नव्हती. बाहेरचा ऑडिटर यायचा तेव्हा ही फाइल त्याच्यासमोर उघडावी लागे. एकदा ऑडिटरनं गंभीरपणे लिहून घेतलं की सासूबाईंची डिस्क ब्याण्णव टक्के भरली आहे.

आबा मुळात फिटर. एमआयडीसीत घरची जमीन गेली तेव्हा घरटी एक नोकरी मिळाली, ती यांना. आयटीआय झालेलं. मशीन शॉपमध्ये पहिला संगणक आला तेव्हा साहेबलोक त्याला हात लावायला भीत होते, म्हणून आबांनी पान्हा घेऊन तो उघडला. आत ग्रीस नाही, गिअर नाही, हे बघून त्यांना तो फार सोपा वाटला, असं ते सांगत. इंग्रजी त्यांनी मॅन्युअल वाचतच शिकून घेतलं. त्यामुळे त्यांचं इंग्रजी आज्ञार्थी होतं. हेड ऑफिसचा माणूस फोनवर हाउ आर यू म्हणाला, तर आबा त्याला सांगायचे, "स्टेट द प्रॉब्लेम."

घरीही हेच. काकू, म्हणजे आबांची बायको, मला एकदा चहा गाळता गाळता सांगत होत्या की लग्न झाल्यावर दुसऱ्याच महिन्यात यांनी स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक कागद चिकटवला. पाणी भरल्यावर काय, दूध तापल्यावर काय, कुणी पाहुणा आला तर काय, न आला तर काय. काकूंनी तो कागद काढून त्यावर पापड वाळत घातले. "मी म्हनले, मी तुमचं मशीन न्हाई. मला रोज निराळं करायचंय." आबा शेजारीच बसले होते. ते म्हणाले की तेवढी एक जागा आपल्या हाताबाहेर राहिली, आणि बशीतला चहा फुंकत राहिले.

त्यांच्या कामाची एक गंमत अशी की मशीनवर कुणी परस्पर हातानं काही बदललं तर ते टिकायचं नाही. दर अर्ध्या तासानं संगणक फेरी मारायचा आणि सगळं पुन्हा जिथल्या तिथं लावून यायचा. हे सगळ्यांना माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त वाकडहून येणाऱ्या नव्या मॅनेजरना. मोठी डिग्री, मोठी गाडी, आणि कुणाला काही विचारायची सवय नाही. त्यांना हजेरीच्या मशीनवरची एक सेटिंग आवडली नाही. त्यांनी ती बदलली. अर्ध्या तासानं ती पूर्ववत. त्यांनी पुन्हा बदलली. पुन्हा पूर्ववत. दोन दिवस हा गृहस्थ जेवायलाही उठला नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं की हा प्लँट बांधायच्या आधी इथं काय होतं. मी आबांना जाऊन सांगितलं. आबांनी विचार केला आणि म्हणाले, काही सांगू नका, बघू माणूस कुठवर जातो.

माणूस नारळापर्यंत गेला. शुक्रवारी सकाळी सर्व्हर रूमच्या उंबऱ्याशी नारळ फोडलेला, सासूबाईंना हळदकुंकू आणि वर लिंबूमिरची. आबांनी खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला, मॅनेजरना बोलावून घेतलं आणि अर्ध्या तासाच्या फेरीबद्दल सगळं समजावून सांगितलं. त्यांना हवी होती ती सेटिंग मूळ फाइलीत लिहून दिली. ती खरोखरच आधीपेक्षा बरी होती, हेही कबूल केलं. मॅनेजरचा चेहरा उतरला होता. ते म्हणाले, आधी का नाही सांगितलं. आबा म्हणाले, नारळ काय वाया जात नाही. लिंबूमिरची त्यांनी वर्षभर काढली नाही.

आता लेबलांची गोष्ट.

आबांच्या मुलीचं लग्न ठरलं. मुलगी पिंपरीत नर्स, जावई भोसरीत टूलरूमला. पत्रिका छापून आल्या, साडेचारशे. काकूंचा आग्रह होता की पाकिटावरची नावं घरच्यांनी हातानं लिहायची. आबांना हे पटेना. थोरल्या भावाच्या मुलाच्या लग्नात असंच हातानं लिहिलं होतं, तेव्हा वारलेल्या एका माणसाला सहकुटुंब बोलावलं होतं आणि जिवंत मामाला विसरले होते. मामा अजून बोलत नव्हता. शिवाय आबांचं स्वतःचं एक निरीक्षण होतं. माणूस पत्रिका उघडतच नाही, पाकीट बघतो आणि फळीवर टाकतो. म्हणून मुहूर्त आणि कार्यालय पाकिटावरच पाहिजे. नाव, मुहूर्त, कार्यालय, सगळं एका चिकटपट्टीवर. म्हणजे लेबलच.

प्लँट हेड साहेबांकडं जाऊन त्यांनी रीतसर परवानगी मागितली. लॅबमध्ये एक जादा लेबल प्रिंटर होता, तो शनिवारी वापरा, रोल तुमचा आणा, असं साहेब म्हणाले. आबांनी रोल आणला. खोक्यावर लागतं त्या लेबलाचा नमुना घेतला आणि त्यातला मजकूर बदलला. जिथं कंपनीचं नाव असतं तिथं 'श्री', जिथं भागाचं नाव पडतं तिथं पाहुण्याचं नाव, खाली 'व परिवार', त्याखाली मुहूर्त, कार्यालय आणि 'अगत्य येण्याचे करावे'. कोपऱ्यात बारकोड होता, तो काढायचा त्यांना कंटाळा आला. पाहुण्यांची यादी त्यांनी नातेवाईक, गाव, नोकरी अशी लावून घेतली होती. वारलेले दोनदा तपासले होते.

शनिवारी सकाळी मी त्यांच्या शेजारी बसून पोहे खात होते. यादीत 'श्री. बाळूतात्या (म्हशीवाले)' असं एक नाव होतं आणि मला त्यावर हसू येत होतं. आबांनी आज्ञा लिहायला घेतली. नवीन नमुना कुठल्या मशीनवर पाठवायचा, तिथं 'लॅब' असं लिहायचं होतं. पण वीस वर्षं त्या जागी त्यांची बोटं एकच शब्द लिहीत आली होती. त्यांनी लिहिलं 'सगळे'. मी पडद्याकडं बघत होते. मी तो शब्द वाचलासुद्धा. पण मी म्हशीवाल्या तात्यांवर हसत होते.

लॅबच्या प्रिंटरमधून लेबलं सुंदर आली. आबा खूश होऊन घरी गेले.

सोमवारी दहाच्या सुमाराला डिस्पॅचनं जोडून दिलेला एक फोन माझ्या टेबलावर आला, कारण आबा चहाला गेले होते. रांजणगावच्या गिऱ्हाईक कंपनीतून स्टोअरच्या बाई बोलत होत्या. आवाज कोरडा, बोलणं लातूरकडचं. मी मूळची तिकडचीच असल्यामुळे मला ते लगेच कळलं. त्या म्हणाल्या, "तुमच्याकडून श्री. इनपुट शाफ्ट व परिवार आलेत. श्री. क्लच हाउसिंग उजवे, तेबी सहपरिवार. सहाशेच्या वर कुटुंबं उभी हायेत यार्डात. ह्यांना कुठं उतरवू?"

मला आधी काहीच कळेना. मग एकदम सगळं कळलं. नवा नमुना तिन्ही प्लँटच्या लेबल मशिनांवर गेला होता. शनिवारी सकाळपासून छापलेल्या प्रत्येक लेबलावर, पाहुण्याच्या जागी भागाचं नाव पडलं होतं. बारकोड मात्र खरा होता, त्यामुळे आमच्या गेटवर यंत्रानं टींग केलं आणि माल सोडला. तिकडच्या गेटवरही टींग झालं. सगळ्यात आधी लेबल वाचलं ते त्या बाईंनी, म्हणजे माणसानं.

आबा चहाचा कप घेऊन आले. मी सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला आणि मफलर काढला. मफलर काढलेले आबा मी पहिल्यांदाच बघत होते. कान लाल झाले होते. ते म्हणाले, "बोटं माझीच." मग उठून, मोज्यांवरच, प्लँट हेडच्या केबिनकडं चालायला लागले. त्यांच्या चपला घेऊन मी मागं.

साहेबांनी आधी ऐकून घेतलं. मग खुर्चीतून उठून खिडकीशी गेले आणि आमच्याकडं पाठ करून उभे राहिले. खांदे हलत होते. रागानं हलतायत की कशानं, हे मला आजतागायत कळलेलं नाही. वळले तेव्हा चेहरा गंभीर होता. त्यांनी साफ सांगितलं की चार वाजता तिकडची दुसरी शिफ्ट सुरू होते, आणि त्यांच्या नियमानं चुकीच्या लेबलाचा एकही खोका लाइनवर जात नाही. चारच्या आत लेबलं बदलली गेली नाहीत तर त्यांची लाइन थांबेल. लाइन थांबली तर प्रकरण हेड ऑफिसला जाईल, आणि मग ते आबांना वाचवू शकणार नाहीत. लग्न त्याच आठवड्यात, रविवारी होतं.

मी म्हणाले, मीही तिथंच होते, मलाही दिसलं होतं. साहेब म्हणाले, मग तुम्हीही जा.

नमुना परत जागेवर लावायला आबांना एक मिनिट लागलं. एक आज्ञा, तिन्ही प्लँट. पण यार्डात उभ्या असलेल्या खोक्यांवर चिकटलेलं लेबल कुठल्याच आज्ञेनं निघत नाही. नव्या लेबलांचे रोल घेऊन आम्ही कंपनीच्या जीपनं निघालो.  शिक्रापूरच्या चौकात ट्रॅफिकला थांबलो तेव्हा आबा म्हणाले, काकूंना यातलं काही सांगायचं नाही, त्या म्हणतील हातानं लिहिलं असतं तर.

यार्डात पोचलो तेव्हा साडेबारा वाजलेले. स्टोअरच्या बाई पन्नाशीच्या, ठेंगण्या, डोक्यावर पिवळं हेल्मेट. त्यांनी आम्हाला वेलकम वगैरे काही केलं नाही. घड्याळ दाखवलं आणि बाजूला उभ्या राहिल्या. प्रत्येक खोक्याला तेच करायचं होतं. बारकोड वाचायचा, यादीत भाग शोधायचा, जुनं लेबल नखानं सोलायचं, नवं लावायचं, हातानं दाबायचं. मग पुढचा खोका. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात एक काम दोनदा केलं नव्हतं, त्याला तेच काम सहाशे वेळा करायचं होतं.

पहिली वीस लेबलं वाकडी लागली. आबांच्या हाताला सवयच नव्हती. एक तर त्यांच्या स्वेटरलाच चिकटलं. आणि त्यांना आणखी एक खोड होती, ती मला तिथं कळली. पुढ्यात आलेलं अक्षर ते मोठ्यानं वाचायचे. त्यामुळे प्रत्येक खोक्याशी वाकून ते म्हणत, "श्री. ड्राइव्ह फ्लँज व परिवार." मग सोलत. "श्री. बेअरिंग कॅप व परिवार." मग सोलत. यार्डातले फोर्कलिफ्टवाले जेवणाच्या सुट्टीत आजूबाजूला बसले होते. त्यांनी आधी ऐकलं, मग एकमेकांकडं बघितलं. मग त्यातला एक उठून दुसऱ्या टोकाच्या खोक्याशी गेला आणि मंगल कार्यालयातल्या माइकवाल्यासारखा म्हणाला, "श्री. शिफ्टर फोर्क, डावे व उजवे, दोघेही सहकुटुंब आलेले आहेत, त्यांचं स्वागत आहे." आबा थांबले. मला वाटलं, आता हे रडतील. ते म्हणाले, "डावे आन् उजवे येगळे वाचा. यादीत येगळे हायेत."

त्यानंतर ते लोक आपणहूनच हातभार लावायला लागले. पाच जणं होते. एक वाचायचा, एक सोलायचा, एक यादीत शोधायचा. अडीचला हेल्मेटवाल्या बाईंनी स्वतः एक रोल उचलला. त्यांचं काम सगळ्यांत सरळ. साडेतीनला शेवटचा खोका झाला. चारला शिफ्ट लागली आणि लाइन थांबली नाही.

बाईंनी आम्हाला चहा दिला. रेकॉर्डसाठी एक जुनं लेबल त्यांना ठेवून घ्यायचं होतं. ते हातात धरून त्यांनी नीट वाचलं, मुहूर्त, कार्यालय, सगळं. मग आबांना विचारलं, "हे लगीन खरंच हाय का?"

आबा खाली बघत म्हणाले, हाय, येत्या रविवारी, माझ्याच मुलीचं.

"मंग हे बोलावणं बी चुकीचंच समजायचं का?"

आबांनी चहाचा कप हातात फिरवला. बराच वेळ.  मग ते म्हणाले, "चूक माझी हाय. बोलावणं खरं हाय."

रविवारी रांजणगावहून अकरा जणं आले. कंपनीचा टेंपो करून, इस्त्रीचे कपडे घालून. बाईंनी हेल्मेट घातलं नव्हतं म्हणून मी त्यांना आधी ओळखलंच नाही. नव्या साडीत होत्या, केसांत गजरा. त्यांनी सगळ्यांच्या वतीनं एक मोठं स्टीलचं पाण्याचं पिंप आणलं होतं. आहेर लिहायला आबांचा एक चुलतभाऊ बसला होता. त्यानं विचारलं, कुणाच्या नावानं लिहू. बाई म्हणाल्या, "लिहा. श्री. इनपुट शाफ्ट व परिवार, रांजणगाव." चुलतभावानं तसंच लिहिलं. काकूंनी संध्याकाळी यादी वाचली तेव्हा विचारलं, हे शाफ्ट कोण. आबा म्हणाले, नोकरीतले, फार चांगली माणसं आहेत. काकू म्हणाल्या, बाकी कुणी येवढं पिंप आणलं नाही, बारशाला त्यांना विसरू नका. हे ऐकून मी पाणी प्यायला निघून गेले.

जिवंत मामा आला नाही. त्याचं पाकीट सापडलं नाही म्हणे.

आबांना ताकीदपत्र मिळालं. त्यांनी ते लॅमिनेट करून सर्व्हर रूममध्ये लावलं. आणि दुसऱ्या दिवशी भावकीला कुलूप बसवलं. कुणीही 'सगळे' असं लिहिलं की आता पडद्यावर प्रश्न यायचा: 'सगळ्यांवर? शेजारच्यानं वाचलं का?' मग शेजारच्या माणसानं स्वतःच्या पासवर्डनं उत्तर द्यायचं, तरच आज्ञा पुढं जायची. शेजारची मीच होते. पहिल्यांदा मी 'हो' लिहिलं तर उत्तर आलं, 'घाईत दिसता. नीट वाचा.' आबांनी त्यात फक्त 'व्हय' मंजूर केलं होतं. लातूरच्या मुलीला हे लिहायची सवय होईपर्यंत दिवाळी आली. पण खरं सांगते, त्यानंतरची दोन वर्षं मी प्रत्येक आज्ञा शब्दन् शब्द वाचली. दोनदा चुका पकडल्याही. एकदा त्यांची, एकदा माझी.

मग आबा निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी दुपारी त्यांचं स्वतःचं नाव सगळ्या मशिनांवरून उतरवायचं होतं. जाणाऱ्या माणसाचं नाव ठेवायचं नाही, हा त्यांनीच लिहिलेला नियम. नावं उतरवणं अर्ध्या तासाच्या फेरीत नसायचं, त्याला वेगळी आज्ञा द्यावी लागे. ते म्हणाले, मीच लिहितो, दुसऱ्याला कशाला त्रास. त्यांनी आज्ञा लिहिली, शेवटी 'सगळे' लिहिलं आणि खुर्ची माझ्याकडं सरकवली. मी वाचलं. पुन्हा वाचलं. ते म्हणाले, "त्यात काय येवढं वाचताय, चार शब्द हायेत." मी 'व्हय' लिहिलं. हिरव्या ओळी येत गेल्या. त्रेचाळिसांपैकी बेचाळीस झाल्या, एक लाल आली. घरी बसून कंपनीच्या संगणकांत शिरता येतं, त्या फाटकाचं मशीन होतं ते, विजेच्या कामासाठी बंद ठेवलेलं. मी म्हणाले, चालू झालं की सोमवारी करते. आबांनी मान हलवली, चपला घातल्या आणि निरोपाच्या कार्यक्रमाला गेले. तिथं त्यांनी भाषण केलं नाही. हार घातला तसा काढून शेजारच्याला घातला.

सोमवारी मशीन चालू झालं. मला ती एक आज्ञा पुन्हा द्यायची होती. मी दुसरी कामं केली. मंगळवारीही केली. बुधवारी जेवायच्या आधी आबांचा फोन आला. घरचं सगळं बरं आहे म्हणाले, काकू रोज निराळं करतात म्हणाले, मग विचारलं, "त्ये फाटकावरचं नाव काढलं का?"

मी म्हणाले, हो, काढलं की.

"खोटं. मी आत्ता आतच हाय."

 पलीकडून कळफलकाचा आवाज येत होता. ते म्हणाले, चालू असलेलं जुनं नाव म्हणजे उघडं दार, हे मी तुम्हाला शिकवलं, आणि तुम्हीच उघडं ठेवता. बोलण्यात राग नव्हता. मग म्हणाले, मीच लिहितोय, शेवटी 'सगळे'च लिहिलंय, म्हणजे दोन माणसांचा नियम आला, तुमच्या पडद्यावर आलं असेल बघा.

आलं होतं. मी सगळं वाचलं. मग 'व्हय' लिहिलं. बाकीच्यांवर नाव उरलंच नव्हतं, एकच हिरवी ओळ आली.



"गेलो का मी?" आबांनी विचारलं.

"गेलात," मी म्हणाले.

"मग ठीक हाय. जावा, जेवून घ्या. एक वाजत आला," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.